आयटीआय करू की काकाच्या मागे शिडी धरू?

या महिन्यात छपराच्या कामावर एवढे प्रश्न आलेत की बाकीचं सगळं मागे ठेवलंय. मे महिना आहे, कोकणात जो तो शिडीवर आहे, त्यामुळे आश्चर्य नाही. मी स्वतः आधी हेल्पर, मग फिटिंगवाला आणि मग ठेकेदार म्हणून छपरांची कामं केलीत, गुडघे गेले तेव्हा लिहायला लागलो. तेव्हा उत्तरं पुस्तकातली नाहीत, चुकांसकट आहेत.

प्रश्न : बारावी कॉमर्स झालो, ५२ टक्के. घरचे म्हणतात बीकॉमला जा. माझा काका कौलारू घरं शाकारतो, आता पत्र्याचीपण कामं घेतो, सुट्टीत मी त्याच्याबरोबर जातो आणि मला ते मनापासून आवडतं. पण नेटवर रूफिंग कोर्स शोधला तर सगळं इंग्लंड अमेरिकेचं येतं. आपल्याकडे असा कोर्स आहे का? काका म्हणतो छप्पर शाळेत शिकता येत नाही. (एक वाचक, संगमेश्वर तालुका)

काका अर्धा बरोबर आहे. आपल्या आयटीआयच्या यादीत छपराचा असा वेगळा ट्रेड नाहीच, म्हणजे 'छप्पर कारागीर' असं लिहिलेलं सर्टिफिकेट तुला तिथे मिळणार नाही. पण छप्पर म्हणजे काय ते जरा सोडवून बघ. खाली सांगाडा, वर कौल नाहीतर पत्रा, आणि या दोघांच्या मधून वाट शोधणारं पाणी. यातला सांगाडा शाळेत शिकता येतो, आणि चांगला शिकता येतो. कौल आणि पाणी मात्र काकाकडेच.

सांगाडा लाकडाचा असेल तर आयटीआयचा सुतारकाम ट्रेड, लोखंडाचा असेल तर वेल्डर. दोन्ही एका वर्षाचे, दोन्हीला आठवी पास चालतं, तू तर बारावी झालायस. वर्गात सोळा वर्षांची पोरं असतील तुझ्याबरोबर, लाज बाळगू नकोस. कुठला घ्यायचा हे मला विचारू नकोस, काकाची वही काढ आणि गेल्या दोन वर्षांत किती घरांना लाकडी वासे (छपराचे तिरके दांडे) लागले आणि किती घरांना लोखंडी पाईपचे, ते मोज. माझा अंदाज आहे की नव्या घरांत मंगळुरी कौलाखालीसुद्धा आता लोखंडी पाईपच निघेल, कारण सागवान परवडत नाही आणि आयनाचं लाकूड मिळत नाही. तसं असेल तर वेल्डर घे आणि लाकूड काकाकडे शीक. उलट तुला जुनी चौसोपी घरं दुरुस्त करायची हौस असेल, त्या होमस्टेवाल्यांची कामं घ्यायची असतील, तर सुतारकाम. तिथे वासा कुठून कुजलाय, अख्खा बदलायचा की नुसतं टोक कापून जोड मारायचा, हे ज्याला कळतं त्याला लोक गाडी पाठवून बोलावतात.

आता काका जे म्हणत नाही ते सांगतो. काका सुतळी लावून वासा मापतो ना? चूक नाही, मीपण तेच करायचो. पण बारावी झालायस तर हिशोबपण कर. घर २० फूट रुंद, आढं (छपराचा वरचा कणा) मधोमध, म्हणजे अर्धं १० फूट. आढं भिंतीच्या वर ५ फूट. वासा किती? १० चा वर्ग १००, ५ चा २५, बेरीज १२५, त्याचं वर्गमूळ म्हणजे ११ फूट २ इंच, वर वळचणीला, म्हणजे भिंतीच्या बाहेर, काढायचं ते वेगळं. सुतळी आणि हिशोब जुळले तर खुशाल काप. नाही जुळले तर भिंत तिरकी आहे, हे लाकूड कापायच्या आधी कळलं.

हे सांगायचं कारण माझा पहिला स्वतंत्र ठेका. घर ३० बाय २०, म्हणजे ६ ब्रास (१०० चौरस फुटांचा एक). मी ६ ब्रासचा उक्ता भाव दिला, कौलं ६ ब्रासची धरली, ब्रासला १४० प्रमाणे. पण छप्पर उतरतं असतं बाबा! त्याच उताराला ६ चे पावणेसात होतात, वळचण धरली तर त्याच्याही वर. शंभर कौलं कमी पडली, वर आढ्याची कौलं विसरलो ती वेगळीच, टेम्पोची दुसरी फेरी माझ्या खिशातून. मालक चांगला होता, त्याने नुसता चहा दिला आणि हसला. तेव्हापासून जमिनीचं माप वेगळ्या पानावर आणि छपराचं वेगळ्या.

वेळेचं गणित बघ. आयटीआयचे फॉर्म दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन निघतात, राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडून, आणि वर्ग पावसात सुरू होतात. छपराचा सीझन दिवाळीनंतर ते जूनचा पहिला आठवडा. म्हणजे दोन्हीची टक्कर होणारच. रविवार आणि सुट्ट्या काकाच्या, बाकी दिवस वर्कशॉपचे, आणि हजेरी बुडवायची नाही, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत.

पास झाल्यावर लगेच काकाकडे पळू नकोस. एक वर्ष अप्रेंटिस म्हणून कुठल्यातरी फॅब्रिकेशनवाल्याकडे काढ, लोट्याची एमआयडीसी आहे, महाडची आहे, फार लांब नाही. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे त्याखाली रीतसर करार होतो, स्टायपेंडमधला २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं, म्हणून छोटे कारखानदारपण आता पोरं घ्यायला तयार असतात. स्टायपेंडवर पोट भरणार नाही हे धरूनच जा. पण तिथे तू ड्रॉइंगवरून काम करायला शिकशील, आणि पुढे आर्किटेक्टने कागद हातात दिला की काकासारखं 'तोंडी सांगा साहेब' म्हणावं लागणार नाही.

आणि काकाकडचा पहिला सीझन म्हणजे शिडी धरणं, कौलं वर पास करणं, याला कमी समजू नकोस. प्रत्येक कौल वर जायच्या आधी बोटाच्या पेराने टकटक वाजव. खणखणीत वाजलं तर वर, भद्द वाजलं तर त्याला केसाएवढी चीर आहे, बाजूला ठेव. हजारभर कौलं वाजवलीस की कान तयार होतो. मग चालायला शीक : पाय कौलाच्या मधोमध नाही, खालच्या कडेशी, जिथे दोन कौलं एकावर एक आहेत आणि खाली रीप (कौल टेकतं ती आडवी पट्टी) आहे तिथे. रिपांमधलं अंतर टेपवर पाठ करू नकोस, साधारण फूटभर आणि वर अर्धा-पाऊण इंच येतं, पण दर कारखान्याचं कौल थोडं वेगळं, म्हणून चार कौलं जमिनीवर एकात एक बसवून मग रीप मार. ओळ खालून वर जाते आणि चार-पाच ओळींनंतर दोरी ताणून बघायची. दोरी न ताणता मिस्त्री म्हणाला 'डोळ्याने बरोबर आहे' तर ते छप्पर लांबून सापासारखं दिसतं, मी बघितलंय.

मग पाऊस लागल्यावर खरा वर्ग भरतो. जूनमध्ये काकाने केलेल्या प्रत्येक घरी जा आणि आत उभा राहून बघ. गळतं तिथेच भोक असतं असं नाही, पाणी वाशावरून दहा फूट चालत येऊन भलतीकडे ठिबकतं. हे जो शोधतो तो मिस्त्री, बाकी सगळे कौलं ठेवणारे.

बीकॉम? करायचंच तर बाहेरून कर. बिलं आणि जीएसटी कळणारा छपरवाला अख्ख्या तालुक्यात शोधून सापडायचा नाही.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, शेडच्या पत्र्याच्या कामावर जातो. शेठ बेल्ट देत नाही. मुलगा म्हणतो, बेल्ट लावला तर सगळे हसतात आणि काम पण होत नाही. त्याला काम सोडायला लावू का? कुठे शिकवतात का हे नीट? (एक आई, खेड)

ताई, काम सोडायला लावू नका, तो ऐकणार नाही आणि तुमच्यापासून लपवून जाईल. पण हे त्याला वाचून दाखवा.

पत्र्यावरून पडणारे बरेच जण कडेवरून नाही पडत, पत्र्यातून पडतात. सिमेंटचा जुना पत्रा वरून दगडासारखा दिसतो, शेवाळ धरलेला असतो, आणि दोन पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडाच्या) मध्ये पाय पडला की बिस्किटासारखा तुटतो. बोल्टची ओळ दिसते ना, तिच्या खाली लोखंड असतं, जाणकार माणूस त्याच ओळीवरून चालतो, आणि तेही आडवी फळी टाकून. त्याहून वाईट म्हणजे उजेडासाठी टाकलेला प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा. दोन वर्षांत त्यावर धूळ बसते आणि तो बाकीच्यांसारखाच दिसायला लागतो. माझ्याबरोबरचा एक पोरगा असाच गेला खाली, नशीब की खाली भुशाची पोती होती. आठ महिने घरी बसला. आम्ही सगळे त्या दिवसापर्यंत बेल्टला हसणारेच होतो.

बेल्ट म्हणजे कमरेचा पट्टा नाही. छातीला, खांद्याला, मांड्यांना बांधणारा पूर्ण हार्नेस पाहिजे, त्यावर आयएस ३५२१ असा मार्क बघून घ्यायचा. आणि हुक कशाला अडकवतोय ते महत्त्वाचं, शिडीला किंवा नुकत्या टाकलेल्या पत्र्याला अडकवला तर तो दागिना झाला. आधी ट्रसला, म्हणजे शेडच्या मुख्य सांगाड्याला, दोर ताणून बांधायचा, त्याला हुक. सवय व्हायला आठवडा जातो, मग हात आपोआप जातो. हसणाऱ्यांचं काय, हसू दे.

शेठचं म्हणाल तर सुरक्षेचं सामान देणं ही मेहरबानी नाही, कायदा काम देणाऱ्यावर ती जबाबदारी टाकतो. पण कायदा दाखवून एकट्या पोराला उद्या कामावरून काढतील हे मलाही माहितीये. म्हणून दोन गोष्टी करा. एक, त्याची महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करून घ्या, वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवकाकडून मिळू शकतो. दुसरं, जमलं तर वर्षभर त्याला मोठ्या कंपनीच्या साइटवर घाला, जिथे उंचीवरच्या कामाचं ट्रेनिंग झाल्याशिवाय गेटपास मिळत नाही. रोज कदाचित कमी मिळेल, प्रवास लांबचा पडेल, पण तिथे हुक न लावता वर गेलं तर सेफ्टीवाला खाली उतरवतो आणि कोणी हसत नाही. ती सवय घेऊन परत आला की मग कुठल्याही शेठकडे जाऊ दे.

अजून एक, मे महिन्यात दुपारी १२ ते ३ पत्र्यावर चढू नको म्हणावं. हात भाजतो ते सोडा, चक्कर येते. आणि पावसाची पहिली सर आली की काम अर्धं असलं तरी खाली.

प्रश्न : माझं वय ४४, शिक्षण सातवी. पंचवीस वर्षं नळे (हाताची अर्धगोल कौलं) परतणं आणि मंगळुरी कौलं दोन्ही करतो. आता मुंबईचे आर्किटेक्ट लोक येतात, काम आवडतं, पण सर्टिफिकेट आहे का विचारतात. या वयात कागद मिळेल का? (एक मिस्त्री, वेंगुर्ला)

मिस्त्री, आधी हे सांगा की नळे परतणारा माणूस तुमच्या गावात अजून किती जण उरलेत? हाताने थापलेले नळे परतायचे म्हणजे एकेक काढून, झाडून, फुटका वेगळा करून परत तसाच बसवायचा, लॉक नाही, खाच नाही, नुसता हाताचा अंदाज. मंगळुरी कौल त्यामानाने सोपं, ते बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेच्या जर्मन लोकांनी १८६५ साली मंगळूरला कारखान्यात काढायला सुरुवात केली तेच मुळी एकात एक अडकावं म्हणून. तेव्हा आर्किटेक्ट विचारतो तेव्हा ते तुमच्यावरचा अविश्वास नाही, त्याला फाइलला कागद लावायचा असतो.

कागद मिळेल. पीएम विश्वकर्मा योजना २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, त्यात १८ धंदे आहेत, सुतार आहे आणि गवंडीपण आहे. छप्पर असा शब्द तिथेही नाही, तुम्ही वासे-रिपांचं कामपण करत असाल तर सुतारमध्ये नाव घाला. आधार घेऊन सीएससी, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर जायचं, मग ग्रामपंचायतीकडून पडताळणी होते. घरातल्या एकालाच मिळतं, आणि सरकारी नोकरी कोणाची असेल तर नाही. ट्रेनिंग ५ ते ७ दिवसांचं, दिवसाला ५०० रुपये मिळतात, पुढे हवं तर १५ दिवसांचं. हत्यारांसाठी १५००० रुपयांचं व्हाउचर, आणि कर्ज पाहिजे असेल तर पहिलं १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने. खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत तुम्हाला छपराचं नवं काही कळणार नाही, शिकवणारा तुमच्याहून लहान असेल. तोंड गोड ठेवून बसा, सर्टिफिकेट आणि ओळखपत्र घ्या आणि व्हाउचरमधून मोजकी चांगली हत्यारं घ्या.

दुसरी वाट म्हणजे आरपीएल, म्हणजे तुम्हाला जे येतं त्याचीच परीक्षा घेऊन कागद देतात, वर्ग कमी आणि तपासणी जास्त. ती शिबिरं सुतार, गवंडी अशा नावांनीच लागतात, जवळच्या आयटीआयत किंवा जिल्ह्याच्या कौशल्य विकास ऑफिसात चौकशी करून ठेवा.

आणि सर्टिफिकेटपेक्षाही चालणारी गोष्ट : फोटो. काम सुरू करण्याआधी, वासे उघडे असताना, आणि पूर्ण झाल्यावर, असे तीन. मोबाइलमध्ये घराघराचा वेगळा फोल्डर. बांबूचं छप्पर शिकायची इच्छा असेल तर कुडाळला कोनबॅक तुमच्या जवळच आहे, बांबूचं बांधकाम ते लोक वर्षानुवर्षं करतायत, एकदा जाऊन या. होमस्टेवाल्यांना आजकाल बांबू फार आवडतो, टिकेल का ते सोडा, प्रक्रिया केलेला बांबू असेल तर टिकतो, नुसता तोडून लावला तर भुंगा दोन वर्षांत भुगा करतो.

प्रश्न : मी आयटीआय इलेक्ट्रिशियन केलंय. सोलरवाल्याकडे काम मिळतंय पण छपरावर चढावं लागतं. मुलींना जमतं का, आणि वेगळा कोर्स करू का? (एक वाचक, सातारा)

जमतं. चढायला ताकद नाही, तोल लागतो.

कोर्स म्हणशील तर सूर्यमित्र आहे, राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने काढलेला, आयटीआयवाल्यांसाठीच आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८००० रुपये सबसिडी मिळते, म्हणून माणसं कमी पडतायत. पण मी तुला वायरिंगचं नाही, छपराचं सांगतो, कारण सोलरच्या पोरांनी गळायला लावलेली छपरं मी दुरुस्त करत आलोय. पत्र्यातून स्क्रू मारला तर नागमोडीच्या उंचावर, खोलगटात नाही, खोलगटातून पाणी वाहतं. रबराचा वायसर टेकला की थांब. अजून एक आटा फिरवलास तर तो चेपून फुटतो, पहिला पावसाळा निघतो, दुसऱ्याला गळतं आणि तोवर सोलरवाला फोन उचलत नाही. कौलावर तर कौलाला काही बांधायचंच नाही, कौल उचलून हुक खालच्या वाशाला.

आणि वारा खालून उचलतो हे डोक्यात ठेव. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मी दापोली-मंडणगडकडे महिनाभर होतो, उडालेल्या पत्र्यांमध्ये वळचणीच्या आणि कोपऱ्यांच्या ओळी आधी गेलेल्या दिसायच्या, कारण तिथेच लोकांनी हुक वाचवलेले. पॅनलचंही तसंच. कडेचे बोल्ट मोजून लाव.

प्रश्न : जर्मनीत छपराच्या कामाला माणसं पाहिजेत असं ऐकलं. एजंट चार लाख मागतोय. जाऊ का? (एक वाचक, पुणे)

एजंटला पैसे देऊ नको, हे आधी.

तिकडे हा खरंच शिकायचा धंदा आहे. छपरवाल्याला तिकडे 'दाखडेकर' (Dachdecker) म्हणतात, तीन वर्षांचं शिक्षण, थोडे दिवस शाळा आणि बाकी दिवस मालकाच्या साइटवर, पहिल्या वर्षापासून पगारासकट. शेवटी परीक्षा देऊन कारागीर, आणि पुढे मास्टर झालास तर स्वतःची फर्म काढून शिकाऊ पोरं ठेवता येतात. शेवटच्या टप्प्यात पाच शाखांतली एक घ्यायची असते, त्यात उतरत्या छपराची आहे, वॉटरप्रूफिंगची आहे, सोलरसारख्या कामांची आहे आणि चक्क गवताने शाकारायचीसुद्धा. आपण पेंढ्याची घरं मोडली, ते लोक त्याचं शिक्षण देतात, असो.

अडतं भाषेवर. शिकाऊ म्हणून व्हिसाला साधारण बी १ पातळीची जर्मन लागते, आणि साइटवरचा मुकादम पुस्तकातली जर्मन बोलत नाही, वरून ओरडतो. आपल्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, तेव्हा चौकशी करायचीच तर सरकारी मार्गाने कर. गंमत म्हणजे त्या बासेल मिशनमधले कितीतरी लोक त्याच वुर्टेमबर्गकडचे होते. तिकडून कौल इकडे आलं, आता कौल लावणारा इकडून तिकडे.

माझं मत विचारशील तर वर्षभर इथेच जर्मनचा क्लास लाव आणि त्याच वर्षी एक पूर्ण सीझन कुठल्यातरी मिस्त्रीबरोबर छपरावर काढ. उंचीला घाबरतोस की नाही हे चार लाख न देता कळेल, शनिवारी एका दिवसात.